फोटो पुष्कळ, नोंद मात्र नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की कोकण किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडले कासवांच्या बातम्या वृत्तपत्रांत येऊ लागतात आणि आम्ही गुहागरकर त्या कौतुकाने वाचतो. त्या निमित्ताने, कासवांखेरीज आमच्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या इतर जिवांच्या नोंदींविषयी एक सूचना आपल्या सदरातून मांडावीशी वाटते.

2025 च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालण्यास आलेल्या एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पुढच्या पायावर धातूची छोटी पट्टी आढळली. तिच्यावर 03233 हा क्रमांक होता. चौकशीअंती कळले की ती पट्टी 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती. म्हणजे ही मादी भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, अंदाजे साडेतीन हजार किलोमीटर अंतर कापून आमच्या गावी आली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांचा एकमेकांशी काय संबंध, या जुन्या प्रश्नाला त्यामुळे नवा पुरावा मिळाला. त्याआधी 2023 मध्ये गुहागरलाच उपग्रह-यंत्र बसवलेली ‘बागेश्री’ नावाची कासव-मादी श्रीलंकेच्या बाजूने बंगालच्या उपसागरात गेलेली होतीच. पण त्या पट्टीमागे कोणतेही महागडे यंत्र नव्हते. तिकडे कुणीतरी क्रमांक, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवले होते आणि इकडे कुणीतरी रात्री वाकून तो क्रमांक नीट वाचला, एवढ्यावरच हे सारे जुळले.

कासवांच्या बाबतीत ही शिस्त कोकणात चांगली रुजली आहे. 2002 पासून वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने जे काम उभे केले, त्याचे हे श्रेय मानावे लागेल. आज हॅचरीतील (म्हणजे अंडी सुरक्षित ठेवण्याच्या कुंपणातील) प्रत्येक घरट्यापाशी अंडी मिळाल्याची तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली असते, त्यामुळे पिल्ले बाहेर येण्याचा अंदाज बांधता येतो. बाकीच्या जिवांची मात्र सारी भिस्त व्हॉट्सअॅपवर आहे. डॉल्फिनचा थवा, सुरूच्या झाडावर बसलेला समुद्री गरुड, वाळूवरचे कोल्ह्याचे ठसे, पावसाळ्यात वाहून आलेले ‘ब्लू बॉटल’ हे जेलीफिशसारखे दंश करणारे जीव असे सगळे फोटो गटांतून फिरतात आणि चार दिवसांनी ते असगोलीचे की वेळणेश्वरचे, हे पाठवणाऱ्यालाही सांगता येत नाही. गेल्या वर्षीचे छायाचित्र ‘आज सकाळी’ म्हणून पुन्हा आलेलेही आम्ही पाहिले आहे. अशा फोटोंचा अभ्यासकाला काडीचाही उपयोग नाही.

माझी सूचना साधी आहे. किनाऱ्यावरील प्रत्येक गावाच्या सार्वजनिक वाचनालयात एक नोंदवही ठेवावी आणि तीत काय दिसले, किती दिसले, कुठे, किती वाजता आणि कोणी पाहिले, एवढे कोणालाही लिहिता यावे. त्यासोबत तिथी अवश्य लिहावी. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, हा हिशोब आमच्या खारवी (मच्छीमार) बांधवांना तोंडपाठ आहे. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, तर बाराच्या सुमारास ओहोटी. ओहोटीला चिखल्या आणि तुतवार दूरवर पांगलेले असतात आणि भरतीला तेच पक्षी वाळूच्या अरुंद पट्ट्यात गोळा होतात. भरती-ओहोटी ठाऊक नसेल, तर पक्षी वाढले की फक्त एकत्र आले, हे त्या आकड्यावरून कळणार नाही. त्याचप्रमाणे, पहाटे फेरी मारली आणि काहीच दिसले नाही, हेही लिहावे. कासव वर चढले, पण अंडी न घालताच परतले, असे दुहेरी माग वाळूत दिसले, तर तेही टिपावे, कारण किनाऱ्यावरील दिव्यांचा आणि गाड्यांचा उपद्रव कुठे वाढतो आहे, हे अशाच नोंदींतून उघड होईल. (उपद्रव कोणाचा, हे मग ज्याचे त्याने समजून घ्यावे.)

रोज बारकाईने पाहून लिहिण्यातून काय हाती लागते, याचे उदाहरण याच कोकणपट्टीत आहे. डॉ. सालिम अली यांनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणीच्या वसाहतीचे निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पाहून पसंत करते आणि ती तेथे स्थिरावली की नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी तेथेच उलगडले.

मच्छीमारांनाही लेखी नोंदीचे महत्त्व नव्याने सांगावे लागत नाही. जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क सोडवताना जाळे कापावे लागले, तर राज्य शासन 2018 पासून कमाल 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देते आणि त्यासाठी घटनेचे छायाचित्र लागते. त्याच छायाचित्राची तारीख आणि ठिकाण वहीत गेले, तर कोणत्या महिन्यात कोणते जीव जाळ्यात येतात, याचे चित्र आपोआप तयार होईल. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी वहीतील पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड आणि इतर जिवांच्या आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर चढवाव्यात; वही मात्र गावातच राहावी.

यात एक पथ्य आवश्यक आहे. गरुडाचे घरटे किंवा कासवाने नुकतीच अंडी घातलेली जागा नेमकी कुठे आहे, हे सर्वांसाठी खुल्या असलेल्या वहीत लिहू नये. ती माहिती थेट वन विभागाला द्यावी. पर्यटनाच्या उत्साहात हे पथ्य वारंवार मोडले जाते.

आपणही वाचकांची वन्यजीव छायाचित्रे छापताना खाली दिनांक आणि गाव द्यावे, आणि ज्यांनी ते कळवले नसेल त्यांना विचारून घ्यावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, गुहागर (जि. रत्नागिरी)