बैठकीला एक खोली द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

26 जूनला व्यसनविरोधी फेऱ्या निघतात, शपथा होतात. दारू सोडून घरी आलेल्या माणसाचं पुढे काय, हे मात्र कुणी विचारत नाही. 'एम्स'च्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळतात. त्या एकाचेही उपचार डिस्चार्जच्या दिवशी संपले, असं घरचे धरून चालतात.

माझा धाकटा भाऊ समुपदेशकाला सहज गुंडाळायचा. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटात ते जमेना. क्वार्टर फ्लशच्या टाकीत लपवायची की स्कूटरच्या डिकीत, हे तिथल्या सगळ्यांनी केलेलं! 'लग्नात आग्रह झाला म्हणून घेतली' म्हटलं की समोरचे हसत, आणि मग त्यांच्यातलाच एखादा तीच गोष्ट स्वतःबद्दल सांगे. आमच्या उपदेशाने चिडणारा हा माणूस तिथे गप्प ऐकायचा. पुण्याच्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्रात तर रुग्णांच्या बायकांसाठीही 'सहचरी' गट आहे. तो हवाच, घरात सगळ्यात जास्त सोसलेलं असतं तिनेच.

गट म्हणजे डॉक्टरला पर्याय नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेततं. तिथे औषधंच लागतात. पण पुढे टिकून राहायला गटाचा उपयोग होतो. वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या 'कॉक्रेन' संस्थेने 2020 मध्ये 27 अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात पूर्ण मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या (एए, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अशाच गटांची संघटना) वाटेने नेणारे उपचार इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरले.

आमच्या तालुक्याच्या गावी मात्र एएचा गट नाही. भाऊ एसटीने जिल्ह्याला जातो आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून शेअरिंग अर्धवट टाकून उठतो. इथे गट सुरू करायला काही जण तयार आहेत. एका शाळेकडे संध्याकाळपुरता वर्ग मागितला, तर उत्तर मिळालं, 'दारुडे आवारात नकोत.' अहो, येणारे दारू सोडायला येणार आहेत! एए बाहेरची देणगी घेत नाही, सभासदच आपसांत पैसे काढून भाडं भरतात. त्यामुळे फुकटही काही नको.

एखादी शाळा, ग्रंथालय किंवा नगरपालिका आठवड्यातून एकदा दीड तास खोली देईल का? आषाढातच ठरलं, तर पहिली बैठक गटारीच्या संध्याकाळीच घेता येईल.

– एक वाचक, जि. सातारा
(भावासाठी नाव छापू नये, ही विनंती.)