माझ्या बांगड्या शाबूत ठेवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली त्या आठवड्यात मी नागपूरला तपासणीला गेले होते. परत आले तर तुम्ही गेलेल्या. दोन शब्द बोलायचे राहून गेले आणि तेव्हापासून ते घशाशी अडकून आहेत. तुम्हाला नाव छापून आलेलं आवडणार नाही, म्हणून नाव लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या आडगावच्या उपकेंद्रात ज्यांनी ज्यांनी तुमच्याकडून औषध घेतलं, त्यांना नाव लागणारही नाही.

माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, डाव्या काखेतल्या गाठीही काढल्या. ऑपरेशन चांगलं झालं. ज्या डॉक्टरांनी केलं त्यांच्या हाताला यश आहे, मी जिवंत आहे, ते ऋण मी नाकारत नाही. पण सुट्टी देताना हातात काय दिलं? फाइल, गोळ्या, जखमेतलं पाणी काढायला अंगाला लावलेली नळी, आणि पुढची तारीख. हाताबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. दंडाची आतली बाजू बधिर का झाली, काखेपासून कोपरापर्यंत दोरीसारखं काय ताणतं, हे विचारलं तर उत्तर मिळालं, "असंच राहते." आणि पुढच्या बाईचा नंबर पुकारला.

काखेत सगळ्यांनाच साधारण २० ते ३० रसग्रंथींच्या गाठी असतात, त्यातल्या बऱ्याच काढल्या की हातातलं पाणी वर जायची वाट अडते, हे मला तुमच्या तोंडून कळलं. अशा बायकांमध्ये पाचातल्या एकीला तरी हाताची सूज येते, कोणाला काही महिन्यांनी तर कोणाला वर्षांनी, हेही तुम्हीच सांगितलं. ज्यांनी कापलं त्यांनी हे सांगायला नको होतं का? पाच मिनिटांचं काम होतं.

संक्रांतीला मी हौसेनं दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. इतक्या महिन्यांच्या केमोनंतर जरा बाईसारखं दिसावं असं वाटलं. होळी जवळ आली तसा डावा हात जड होऊ लागला, आणि एक दिवस बांगड्या मनगटावर रुतून बसल्या. जवळच्या गावातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी त्याच हाताला पट्टा बांधून बीपी घेतलं, पाणी उतरायच्या गोळ्या लिहिल्या, वर गरम पाण्यानं शेकायला सांगितलं. या सुजेला त्या गोळ्यांचा उपयोग नसतो आणि शेकानं ती वाढू शकते, हे नंतर तुमच्याकडून समजलं. त्यांच्या कंपाउंडरनं बांगड्या बघितल्या आणि टेबलाच्या खणातून पक्कड काढली. "फोडून टाका बाई, त्यात काय एवढं." मी हात मागे घेतला. नवरा बाहेर बाकावर बसलेला, सासूबाई सोबत आलेल्या, आणि हा माणूस माझ्या हिरव्या बांगड्यांवर पक्कड धरून उभा. एक स्तन गेलं होतं, केस गेले होते. त्या क्षणी मला वाटलं, आता हेही.

दुसऱ्या दिवशी आशाताईंनी मला तुमच्याकडे आणलं. लसीकरणाचा दिवस होता, पोरं रडत होती, बाया दाराशी दाटल्या होत्या. तुम्ही हात बघितला आणि एवढंच म्हणालात, "माय, काऊन एवढे दिवस अंगावर काढलं?" मला खाटेवर निजवलं, हाताखाली दोन उशा आणि वर घडी घातलेली चादर ठेवली, हात छातीच्या वर राहील असा. "मुठी उघडझाक करत राहा, मी येते." सगळी पोरं आटपून तुम्ही आलात तेव्हा दुपार कलली होती आणि हात थोडा हलका झाला होता.

मग तुम्ही वाटीत साबणाचा फेस केला. माझा हात तुमच्या मांडीवर घेतला. अंगठा आत दुमडून, तळवा चेपून, एक बांगडी फेसात फिरवत फिरवत वर आणली. सांध्यापाशी ती अडली की थांबायच्या, मला श्वास घ्यायला सांगायच्या, पुन्हा फेस लावायच्या. निघालेली बांगडी पाण्यात खळबळून पदराला पुसून लगेच माझ्या उजव्या हातात चढवायच्या. मग दुसरी. मग तिसरी. एकही फुटू दिली नाही. शेवटची निघाली तेव्हा मनगटावर लाल वळं उठली होती, त्यावर तुम्ही खोबऱ्याचं तेल लावलं आणि सासूबाईंना म्हणालात, "घ्या आजी, सगळ्या आहेत, एका हातात गेल्या एवढंच." सासूबाई तिथेच रडल्या. ऑपरेशन झाल्यापासून त्या माझ्यासमोर रडल्या नव्हत्या.

सिस्टर, तुम्ही पुढे माझ्यासाठी खूप केलं. सुट्टीच्या दिवशी यवतमाळला जाऊन फिजिओथेरपीच्या मॅडमना विचारून आलात, कारण तुम्ही म्हणालात, "मले पुरतं माहीत नाही, अर्धवट सांगणार नाही." शिंप्याचा टेप आणून दोन्ही हात मनगटापासून दंडापर्यंत ठरावीक अंतरावर मोजले, वहीत लिहून ठेवले. भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम शिकवला. सूज दाबून ठेवायला हातावर चढवायची घट्ट, दाबाची बाही मोजमाप घेऊनच मागवायची, दुकानातून अंदाजानं आणायची नाही, हे बजावलं. डाव्या हाताला शक्यतो सुई नको, बीपी नको. आणि हात लाल होऊन गरम लागला, ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर ढकलायचं नाही. कापूस वेचताना बोंडाची टोकं बोटात घुसतात, आम्हाला त्याचं काही वाटत नाही, पण या हाताला तेवढा ओरखडाही पुरतो, हे तुम्ही ओळखलं. पुस्तकात वेचणी कुठून असणार? ती तुम्ही आमच्या बोटांवर बघितली होती.

हे सगळं मोलाचं आहे. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा मला ती वाटी आणि तो फेस आठवतो. मला कोणी पेशंट म्हणून सांभाळलं, कोणी बिचारी म्हणून. माझ्याच नात्यातल्या एका घरी मला वेगळा पेला दिला गेला, कॅन्सर लागतो म्हणे. तुम्ही मात्र माझी हौस सांभाळली. त्याचे पैसे मिळत नाहीत, त्याचा रकाना कुठल्या रजिस्टरमध्ये नाही, कोणी वरून येऊन तपासत नाही. आपल्याकडे मोठ्या दवाखान्यांच्या इमारती उठताहेत, मशिनी येताहेत, यायलाच पाहिजेत. पण समोरच्या बाईला काय तुटल्यासारखं वाटतं, हे ओळखायला तिच्याकडे बघावं लागतं. बघणारी माणसं अजून आहेत, आणि ती कुठल्याशा उपकेंद्रात वीज गेलेली असताना घामाघूम होऊन काम करताहेत.

हात आता बरा आहे. सूज पूर्ण गेली नाही, जाणारही नाही कदाचित, तुम्ही तसं आधीच सांगितलं होतं. बाही दिवसभर घालते. पाण्याचा गुंड उजव्या कडेवर घेते. यंदा वेचणीला गेले ते हातमोजा घालून, आणि सोबतच्या बायांना कारण विचारू दिलं, सांगितलंही. त्यातली एक मला बाजूला घेऊन म्हणाली, छातीत गाठ लागते, दुखत नाही म्हणून गप्प होते. तिला नव्या सिस्टरकडे नेलं, पुढची तपासणी चालू आहे.

तुम्ही ज्या गावी गेलात तिथल्या लोकांना माझं हात जोडून सांगणं आहे. रात्री-बेरात्री बाळंतपणाला यांना उठवाल तर परत सोडायला घरातलं माणूस पाठवा. यांच्या क्वार्टरच्या नळाला पाणी आहे की नाही ते बघा, आमच्या ग्रामपंचायतीनं ते कधी बघितलं नाही. आणि लसीकरणाच्या दिवशी यांचा डबा दुपारपर्यंत तसाच राहतो, तेव्हा कोणीतरी गरम भाकर आणून द्या.

तुमची,
डाव्या हाताची पेशंट