तो टॉवेल मीच काढला

पुणे, मंगळवार, रात्र

ती. आई-बाबांस, सा. नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा "हं, हं, आईला देतो" म्हणतात, आई "बरं, बघू की" म्हणते, आणि गाडी शेंगाचटणी संपली का यावर येते. (नाही संपली अजून.) म्हणून लिहितेय.

आधी कबुली. बाथरूममधल्या पंख्याच्या भोकात कोंबलेला टॉवेल सोमवारी पहाटे, हुतात्मा एक्स्प्रेस पकडायला निघायच्या आधी मीच काढला. धुऊन बाल्कनीत टाकलाय. गिझरच्या सिलेंडरचा नॉब बंद करून त्यावर चिकटपट्टी लावली, तीही मीच. बाबा, पट्टी काढली असेल तर उठून परत लावा आणि मग पुढचं वाचा.

दुसरी कबुली. रविवारी अकराला मिस्त्री येतोय. गॅसचा गिझर निघणार आणि पंधरा लिटरचा विजेचा बसणार. पंख्याचं बाहेरचं झाकणही बदलणार. घरमालकांशी बोलले, पैसे भरले, दादालाही कळवलं. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर "असू दे की, एवढ्यासाठी कशाला त्यांना त्रास" झालं असतं आणि दिवाळीपर्यंत ते तसंच राहिलं असतं.

हा फ्लॅट मीच पसंत केला होता ना. सोलापुरातलं आपलं भद्रावती पेठेतलं घर गेल्यावर घाईघाईत, इथं पुण्यात बसून, मोबाईलवर व्हिडिओ बघून. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, संडास कमोडचा आहे, सगळं टिपून घेतलं. व्हिडिओत झाकण वाजत नाही. आई, तू चार महिन्यांत एकदाही म्हणाली नाहीस की रात्री झोप लागत नाही. म्हटलं असतंस तर मला वाईट वाटलं असतं, म्हणून नाही म्हणालीस, हो ना?

शनिवारी रात्री मी स्वतः ऐकलं. आपल्याकडचा आषाढ, पावसाचा पत्ता नाही आणि वारा मात्र घोंघावतोय. डक्टमधून वारा वर चढला की फटक्. मग टक, टक, टक. मग शांत. आता थांबलं म्हणून डोळा लागावा, तर पुन्हा फटक्. अडीच वाजता टॉवेल जरा बाजूला सारायला मी स्टुलावर चढले (मी चढू शकते, तुम्ही नाही, त्याबद्दल खाली). बाहेरच्या झाकणाला प्लॅस्टिकच्या तीन पट्ट्या आहेत. पंखा चालू झाला की हवेनं उघडतात, बंद झाला की आपल्या वजनानं खाली पडतात. डक्टमधली दुर्गंधी आणि डास आत येऊ नयेत म्हणून ती सोय. मधल्या पट्टीची एका बाजूची पिन झिजलीय, म्हणून ती वाकडी लोंबकळते आणि वाऱ्यानं चौकटीवर आपटते. नुसतं बोट टेकवलं की आवाज बंद. पंखा चालू करून झाकण दाबून पाहिलं, तरी घरघर राहिली. म्हणजे ती झाकणाची नाही, पंख्याची. पात्यांवर पावडर आणि केसांच्या तेलाचा थर होता, बोटानं खरवडला तर काळं लोणीच निघालं. बटण बंद करून ओल्या फडक्यानं पुसल्यावर घरघर निम्म्यावर आली. खुर्चीच्या पायाला लावतात ते नमद्याचं गोल ठिगळ कापून पट्टी जिथं आपटते तिथं चिकटवलंय. रविवारपर्यंत तेवढं पुरेल. नवीन झाकणाला कडेनं मऊ पट्टी असेल, आणि पंख्याच्या स्क्रूखाली रबरी वायसर घालायला सांगितलेत, म्हणजे भिंतीतून घुमायचं नाही. मालकांच्या भिंतीला एकही नवं भोक नाही.

पण टॉवेल काढला तो आवाजासाठी नव्हे.

बाबा, रागवू नका. टॉवेल कोंबताना तुमच्या मनात काय होतं ते मला माहितीय. म्हणून तर तो तिथं दिसला तेव्हा मी काही बोलले नाही, पोटात मात्र धस्स झालं. त्या बाथरूमला खिडकी नाही. हवा यायला दाराखालची फट, जायला ते भोक. गॅसचा गिझर आतल्या हवेवर जळतो आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो आणि माणसाला वाटतं जरा गरगरतंय, बसावं थोडं. खरं तर असला गिझर बाथरूमच्या आत लावायचाच नसतो.

आई, तू अंघोळीहून आलीस की दाराची चौकट धरून उभी राहतेस. "बीपीचं आहे गं." असेलही बीपीचंच. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा चक्कर अंघोळीनंतरच येते का, कधीपासून येते, हे सगळं त्यांना सांग, गिझरचंही सांग. मला घाबरवायचं नाहीये. मीच घाबरलेय, ते तुझ्या अंगावर टाकतेय झालं.

आणि बाबा, अजून एक. त्या रात्री मी तुम्हाला विचारलं, "ऐकू येतंय का?" तुम्ही म्हणालात, "काय?" आणि लगेच आईकडे बघून म्हणालात, "हां, येतंय की." तुम्हाला तो आवाज येत नाही. दारावरची चिमणीची बेलही येत नाही. चाळीस वर्षं माग चालवल्यावर आधी बारीक आवाजच जातात. म्हणजे जो आवाज तुम्हाला ऐकूच येत नव्हता, त्याच्यासाठी एकाहत्तराव्या वर्षी तुम्ही रात्री स्टुलावर चढलात, आई कूस बदलत होती म्हणून.

मला लहानपण आठवलं. खाली माग, वर आपण. भिंतीला पाठ लावली की पाठीत धोटा धावायचा. पाहुणे रात्रभर तळमळायचे आणि मी मेल्यासारखी झोपायचे. जाग यायची ती लाईट गेल्यावर, सगळं एकदम गप्प झालं की. मी रडायचे आणि तुम्ही अंधारात थोपटत म्हणायचात, "येईल हं लाईट, वाजतील परत." कोणाचं मूल आवाज थांबला म्हणून रडत असेल?

असो. आता सूचना.

रविवारपर्यंत पाणी शेगडीवर तापवा. पातेलं बाबांनी उचलायचं नाही, आईनं तर नाहीच. कामाला येणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंय, त्या आठला येतात, अंघोळ तेव्हाच करा. चार दिवस अंघोळीला उशीर झाला म्हणून देव रागावत नाहीत. पाण्याची पाळी आली तर टाकी भरली का बघायला गच्चीवर जाऊ नका, खालच्या वॉचमनला सांगा.

विजेच्या बिलाचं आत्ताच सांगते, कारण बाबा हिशेब मांडणारच. दोन किलोवॉटचा गिझर पंधरा मिनिटं चालला तर अर्धा युनिट. अंघोळीला आत जाताना तो बंद करायचा, चालू ठेवून अंघोळ नाही. मिस्त्रीनं अर्थिंग तपासल्याशिवाय त्याला चहा देऊ नका. घर सोडताना गिझर आपण घेऊन जायचा, तसं मालकांशी ठरलंय. अंघोळ झाल्यावर पंखा दहा मिनिटं चालू राहू द्या, ओल राहत नाही. आता तो घरघरणारही नाही.

स्टूल मी माळ्यावर टाकलंय. काढायला स्टूल लागेल, म्हणून तिथंच टाकलंय.

तो टॉवेल मला हवाय. निळ्या किनारीचा, तुमच्या मागावरचा शेवटच्या लॉटमधला, मी ओळखला. पुढच्या वेळी घेऊन जाईन, त्याचं पायपुसणं करू नका.

रविवारी रात्री आवाज आला की नाही, ते आईनं फोन करून सांगायचं. बाबांनी "काही येत नाही" म्हटलेलं धरलं जाणार नाही.

तुमची,
ठकू