काकूंना आभाराचं उघड पत्र

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चहा टाकायला उठता, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण आता आमच्या न्यू जर्सीत बारावीत जाणाऱ्या मुलामुलींच्या घरी सीनियर पोर्ट्रेटच्या सूचना यायला लागतील. त्यापाठोपाठ गळ्यात काय, कानात काय आणि हातात काय घ्यायचं यावरून घरोघरी जुंपेल. आमच्याकडची जुंपलेली तुम्ही सोडवलीत.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. हा हॉल तिकिटावर चिकटवायचा फोटो नव्हे. इथे शाळेच्या शेवटच्या वर्षी बहुतेक मुलांचे दोन तऱ्हेचे फोटो निघतात. एक इयरबुकसाठी, म्हणजे शाळेच्या त्या वर्षाच्या आठवणींच्या छापील पुस्तकासाठी: शाळेने ठरवलेला स्टुडिओ, सगळ्यांना एकच पार्श्वभूमी, मुलींच्या खांद्यांवर काळं मखमली ड्रेप आणि मुलांना टक्सीडो. दुसरा हौसेचा: आपला फोटोग्राफर, आपले कपडे, बाहेर झाडांत नाहीतर मैदानावर. त्याच्या मोठ्या प्रती आजी-आजोबांच्या भिंतीवर जातात, अडीच बाय साडेतीन इंचांच्या छोट्या प्रती मैत्रिणींच्या पाकिटांत. त्यामुळे त्या फोटोवर घरातल्या प्रत्येकालाच आपला हक्क वाटतो.

आमच्या सासूबाईंना तर फारच वाटला. सांगलीहून व्हिडिओ कॉलवर त्यांनी ठुशी, बोरमाळ, नथ आणि पाटल्या अशी यादीच दिली. लेकीला यातलं काहीच नको होतं. तिला हवे होते तिचे पळण्याचे बूट, लेटर जॅकेट (छातीवर शाळेचं अक्षर असलेलं खेळाडूंचं जॅकेट) आणि मनगटावरचं ते स्मार्ट घड्याळ. मी दोघींच्या मध्ये. ओक ट्री रोडवरून, म्हणजे इथल्या देशी बाजारातून, एक मॅचिंग सेटही मी आणून ठेवला होता. तुम्ही तो डबा उघडलात, बघितलात आणि पुन्हा बंद केलात. वर म्हणालात, "हार, कानातलं, बांगडी, अंगठी सगळं एकाच नक्षीचं घातलं की माणूस दुकानाच्या काचेतला पुतळा दिसतो. परत करता येतंय का बघ."

मंडळाच्या नाटकांची वेशभूषा तुम्ही इतकी वर्षं केलीत, म्हणून तुम्हाला विचारलं. मला वाटलं होतं की पेटाऱ्यातून काही काढून द्याल. तुम्ही तर काढून ठेवायलाच लावत गेलात.

तुमची ती फोनची युक्ती मी आता भेटेल त्या आईला सांगते. लेकीला खिडकीशी उभं करून, सासूबाईंचे सगळे दागिने घालून तुम्ही फोटो काढलात आणि पडद्यावर तो अंगठ्याच्या नखाएवढा केलात. मग तिलाच विचारलंत, "पहिलं काय दिसतं?" ती म्हणाली, "पिवळं." चेहरा दिसायच्या आधी हनुवटीखालचा सोन्याचा पट्टा दिसत होता. इयरबुकात फोटो साधारण तेवढाच छापला जातो, आणि पानावर शेजारी पंधरा-वीस चेहरे असतात. ठुशी काढून पुन्हा फोटो. नथ काढून पुन्हा. शेवटी कानातल्या मोत्यांच्या कुड्या तेवढ्या राहिल्या आणि तिचं तिनेच सांगितलं, "आता मी दिसते."

कुड्याच का, हेही तुम्ही तिला समजावून सांगितलंत, आणि ते मला फार आवडलं. चकचकीत सोनं दिव्याचा झोत जसाच्या तसा परत फेकतं, फोटोत तिथे नुसता पांढरा ठिपका उरतो. मोती उजेड पसरवून देतो, म्हणून काळ्या मखमलीशेजारी तो शांत दिसतो. शिवाय कुडी पाळीला चिकटून बसते. झुमके लोंबतात, मोकळ्या केसांत अडकतात, आणि मान जरा वळली की एक दिसतो, एक गायब होतो. ड्रेपचा गळा उघडा असतो, तर तिथे काहीतरी हवंच असं मी म्हटलं. तुम्ही माझीच बारीक साखळी तिच्या गळ्यात घालून पाहिलीत. सोळा इंची गळ्याच्या खळीत बसली, अठरा इंची ड्रेपच्या काठावर जाऊन अडकत होती. सोळा इंची बरी, पण काही नसलं तरी चालेल, असा निकाल दिलात. लेकीने काही नको हे निवडलं.

सासूबाई म्हणाल्याच, "गळा ओका ठेवलात, लंकेची पार्वती दिसतेय पोरगी." त्यावर तुम्ही फोन हातात घेऊन त्यांच्याशी जे बोललात, त्यासाठी खरं तर हे पत्र. तुम्ही त्यांना फॅशनचं काही सांगितलं नाहीत. "वहिनी, ही ठुशी तुम्हाला कुणी केली?" एवढंच विचारलंत. मग सासूबाई त्यांच्या आईबद्दल, सांगलीच्या सोनाराबद्दल, मोडून पुन्हा घडवलेल्या सोन्याबद्दल बोलत राहिल्या, आणि लेक शेजारी बसून ऐकत होती. यातलं काही तिने आधी ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर ती स्वतःहून म्हणाली की बाहेरच्या फोटोंत ठुशी घालते. तिला कुणी गळ घातली नव्हती.

ती घालायची कशी, हे पुन्हा तुमचंच. आधी मला दटावलंत की पॉलिश करून आणू नकोस, जुन्या सोन्याचा मंदपणा उन्हात कामाला येतो. रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशने हलकेच धुवायची एवढंच. कुड्यांना मात्र पाण्यात बुडवायचं नाही, मोती नुसते मऊ फडक्याने पुसायचे. मग ठुशीची दोरी सैल करून ती गळ्याला आवळून न बसवता जराशी खाली सोडलीत. अंगात साधा, बिनजरीचा, गडद हिरवा हातमागाचा कुर्ता. कानात त्याच कुड्या. हात मोकळे. टिकली मखमली, बारीक, बिनखड्याची, कारण खडा फ्लॅशमध्ये चमकून कपाळाला भोक पडल्यासारखा दिसतो. नथ सरळ बाद. "नथीला लग्न, हळदीकुंकू, गणपती असे दिवस आहेत. पार्कातल्या बाकावर ती नाटकातली वाटते," हे नाटकवाल्या बाईने म्हणावं!

बुटांच्या बाबतीत तुम्ही सासूबाईंना आणि मला दोघींनाही गप्प केलंत. ती क्रॉस-कंट्री पळते, तेव्हा मला वाटत होतं की पदकं गळ्यात घालावीत. तुम्ही म्हणालात, पदकं ताटल्यांसारखी चमकतील आणि कशाची आहेत ते वाचताही येणार नाही. त्यापेक्षा चिखल लागलेले बूट नाडीला नाडी बांधून खांद्यावर टाक. मी ते धुवायला निघाले होते, तुम्ही हातातून काढून घेतलेत. आज त्या सगळ्या फोटोंत मला तोच सर्वांत आवडतो. हातात धरायच्या वस्तूबद्दल तुमची कसोटी सोपी होती: ती वस्तू तिच्या रोजच्या हाताळण्यातली आहे का? असेल तर हाताला तिच्याशी काय करायचं ते माहीत असतं. गिटार न वाजवणाऱ्या मुलांच्या हातात गिटार दिलेले फोटो पाहिले की आता मला हसू येतं. आणि वर्षाचे आकडे लिहिलेले फुगे... असो, ज्याची त्याची हौस.

लेटर जॅकेटचं मला विशेष काही माहीत नव्हतं. खेळाडूंनी छातीवर संस्थेचं अक्षर लावायची ही पद्धत हार्वर्डच्या बेसबॉल संघाने १८६५ मध्ये सुरू केली, असं लेकीनेच सांगितलं. लोकरीचं अंग, चामड्याच्या बाह्या, आणि सप्टेंबरातलं ऊन! तुम्ही ते अंगात घालू न देता एका खांद्यावर टाकायला लावलंत, अक्षर पुढे येईल असं. क्लास रिंगही, म्हणजे शाळेच्या तुकडीची आठवण म्हणून घालायची अंगठी, निघाली होती चर्चेला. त्या अंगठ्यांची परंपरा वेस्ट पॉइंट या इथल्या लष्करी अकादमीच्या १८३५ च्या तुकडीपासूनची, म्हणजे तिलाही मान आहेच. पण अंगठी दिसावी म्हणून हात गालाशी न्यावा लागतो, आणि मग फोटो विम्याच्या जाहिरातीसारखा येतो, हे तुमचं वाक्य ऐकून लेकीने अंगठीचा विषयच सोडला. माझे काही शे डॉलर वाचले, त्याचेही आभार.

चष्म्याचं तर आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नसतं. तिचा नवा चष्मा उन्हात काळा होतो. तुम्ही जुना, साध्या काचांचा शोधायला लावलात. मंचावर नटांना नुसत्या फ्रेमा देत होतात, तसं इथे करायचं नाही म्हणालात, कारण काच नसलेली जवळून कळते. त्याऐवजी काड्या कानांवर जरा उचलून ठेवायच्या, म्हणजे काचा किंचित खाली झुकतात आणि दिव्याची तिरीप कॅमेऱ्याकडे येत नाही. स्टुडिओतल्या फोटोत तिचे डोळे स्वच्छ दिसतात. घड्याळाचा पट्टा तर तुम्ही आठवडाभर आधीच सोडायला लावलात, मनगटावरचा गोरा वळ जावा म्हणून. आणि मनगटावरचा केसांचा रबर! या वयाच्या प्रत्येक मुलीच्या हातात तो असतो आणि कुणालाच दिसत नाही. फोटोग्राफरने "तयार?" म्हटल्यावर तुम्ही पुढे होऊन तो काढून घेतलात, कुडीची फिरकी तपासलीत आणि पुन्हा मागे झाडाखाली जाऊन उभ्या राहिलात. सूर्यास्ताच्या आधीचा तास, रूझवेल्ट पार्कात डासांनी फोडून काढलं होतं, आणि तुम्ही एकदाही "चला आता" म्हटलं नाहीत.

सासूबाईंनी मोठी प्रत मागवून घेतली. बुटांची नाही, ठुशीचीच. तरीही फ्रेम करायला देताना त्यांनी विचारलं, "तो बुटांचा फोटो लहान मिळेल का, पाकिटात ठेवायला?" तो आज पोस्टात टाकते आहे, सोबत तुमचीही एक प्रत.

आणखी एक. दोन वर्षांनी धाकट्याची पाळी आहे. स्टुडिओतला बो-टाय नको, बाबांचा जुना रुंद टाय घालतो असं तो आत्तापासूनच म्हणतोय, वर कॉलेजच्या दिवसांतलं त्यांचं स्टीलचं घड्याळ, जे त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकतं. घड्याळाच्या पट्ट्याच्या दोन कड्या काढाव्यात की ते खिशातच ठेवावं, यावर तुमचं मत हवंय. गुरुवारी संध्याकाळी त्याला घेऊन येते. चहा मी करीन, तुम्ही बसायचं.

तुमची,
वरच्या मजल्यावरची सून

(सून म्हटलेलं तुम्हाला चालतं, हे तुम्हीच सांगितलंय.)