ल्योंला दोन दिवस द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

युरोपच्या सहलपत्रिकांमध्ये फ्रान्समधलं ल्यों शहर बहुधा एका ओळीत उरकलेलं असतं. पॅरिसहून स्वित्झर्लंडकडे जाताना दुपारचं जेवण, फुर्विएरच्या टेकडीवरून फोटो आणि पुढे प्रयाण. मग मंडळी परतल्यावर सांगतात, ‘तिथे बघण्यासारखं फारसं काही नव्हतं.’ ज्या शहराच्या जुन्या भागाला १९९८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्याच्यावर हा सरळसरळ अन्याय आहे. चाळीस जणांच्या गटाला दोन दिवस पुरेल एवढं तिथे आहे आणि नीट आखलं तर गुडघे दुखणाऱ्यांनाही ते झेपतं. सहल कंपन्या, ज्येष्ठ नागरिक संघ आणि आपापले गट जमवणारी कुटुंबं यांच्यासाठी हे पत्र.

आधी वार बघा, मग विमानाचं तिकीट. ल्योंमधली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेरो चौकातलं ललित कला संग्रहालय मात्र मंगळवारी. सोमवार-मंगळवार ल्योंमध्ये काढणाऱ्या गटाला दोन्ही दिवशी कुठलं ना कुठलं दार बंद मिळतं. बुधवार-गुरुवार सगळ्यात सोयीचे. १ मे, २५ डिसेंबर आणि १ जानेवारी हे दिवस टाळलेलेच बरे. सोमवार टळणारच नसेल तर तो दिवस तेत दोर उद्यानाला द्यावा. ११७ हेक्टरांचं हे उद्यान १८५७ मध्ये खुलं झालं. तळं, गुलाबबागा, प्राणिसंग्रहालय सगळं तिथेच आहे आणि प्रवेशाला पैसे नाहीत.

दुसरा मुद्दा संख्येचा. ल्योंमधल्या उत्तम जागा लहान आहेत. चाळीस जणांचा एकच लोंढा आत नेला की पुढच्या दहा जणांना दिसतं आणि मागच्यांना फक्त पाठी दिसतात. वीस-वीसच्या दोन तुकड्या करून एक टेकडीवर आणि दुसरी संग्रहालयात पाठवावी, दुपारी अदलाबदल करावी. संग्रहालयांत गटाची वेळ आधी राखून ठेवावी लागते. शिवाय फ्रान्समध्ये संग्रहालयं आणि ऐतिहासिक वास्तूंमधल्या मार्गदर्शनासाठी अधिकृत परवानाधारक गाइड असतात. सोबत आलेल्या टूर मॅनेजरने दालनात उभं राहून भाषण ठोकायला सुरुवात केली तर कर्मचारी त्याला थांबवू शकतात. म्हणून स्थानिक गाइड आणि प्रत्येकाच्या कानाला हेडफोन, एवढा खर्च धरावाच.

आता फुर्विएर. इथे सगळा खेळ चढ-उताराचा आहे. चुकीच्या टोकापासून सुरुवात केली की अर्धा गट वाटेतच बसकण मारतो. जुन्या ल्योंच्या मेट्रो स्थानकातून दोन फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढून चढ चढणाऱ्या गाड्या, निघतात आणि त्यांना मेट्रोचंच तिकीट चालतं. फुर्विएरच्या फ्युनिक्युलरने थेट माथ्यावर जावं. १८७० च्या प्रशियाबरोबरच्या युद्धात शहर वाचलं तर मंदिर बांधू, असा नवस ल्योंकरांनी बोलला होता. त्यातून उभं राहिलेलं बासिलिका, म्हणजे मोठं चर्च, तिथे आहे. काम १८७२ मध्ये सुरू झालं. शेजारच्या गच्चीवरून ऱ्होन आणि सोन या दोन्ही नद्यांमधलं शहर दिसतं, हवा स्वच्छ असेल तर आल्प्समधलं माँ ब्लां शिखरही. तिथून उतारानेच चालत रोमन अवशेषांपाशी यावं.

लुग्दुनुम (ल्योंचं रोमन नाव) संग्रहालय टेकडीच्या पोटातच बांधलेलं आहे. बेर्नार झेरफुस या वास्तुविशारदाची ही रचना १९७५ मध्ये खुली झाली. प्रवेश वरच्या बाजूने आहे आणि मग काँक्रीटच्या उतारावरून वळत वळत खाली जायचं. सहलीच्या शेवटच्या टप्प्यात थकलेल्या पायांना हा उतार फार मानवतो. आत थांबायलाच हवं ते क्लॉडियसच्या कांस्यपटापाशी. हा रोमन सम्राट ल्योंमध्येच जन्मला. गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, इथल्या प्रतिष्ठितांना रोमच्या सिनेटमध्ये घ्यावं, असं भाषण त्याने इ.स. ४८ मध्ये केलं आणि ते कांस्यावर कोरलं गेलं. पट १५२८ मध्ये सापडला. वरचा भाग हरवला आहे, उरलेल्या भागात मजकूर दोन स्तंभांत आहे. जवळ जाऊन पाहिलं तर अक्षरांच्या कडा आजही धारदार वाटतात. बाहेरच्या मोठ्या रोमन नाट्यगृहात सुमारे १०,००० प्रेक्षक बसत. दगडी पायऱ्या उंच आणि ओबडधोबड आहेत, ज्यांना जमणार नाही त्यांनी वरूनच पाहावं. जून-जुलैत तिथे कला महोत्सव असतो, तेव्हा रंगमंचाचा सांगाडा आणि खुर्च्यांमुळे मूळ वास्तू बरीच झाकली जाते. परतताना पुन्हा माथा चढायचा नाही. जवळच्या मिनिम स्थानकातून दुसरी फ्युनिक्युलर पकडली की खाली जुन्या ल्योंमध्ये.

जुन्या ल्योंमधल्या त्राबूल, म्हणजे घरांच्या आतून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर नेणाऱ्या बोळवाटा, गटांना सगळ्यात जास्त आवडतात आणि गटांमुळे सगळ्यात जास्त बिघडतातही. र्यू सें-जां या रस्त्यावरच्या ५४ क्रमांकाच्या दारातून आत शिरलं की चौकांमागून चौक ओलांडत र्यू द्यू बफच्या २७ क्रमांकाला बाहेर पडता येतं. दाराशेजारचं बटण दाबून दार उघडायचं. पण वर माणसं राहतात. नगरपालिकेशी झालेल्या करारामुळे त्यांनी वाट खुली ठेवली आहे. आरडाओरडा वाढला की दारं बंद होतात आणि पुढच्या सगळ्यांचं नुकसान होतं. सकाळी जावं, एका वेळी पंधराहून जास्त जण नकोत आणि गाइडने जे सांगायचं ते रस्त्यावरच सांगून घ्यावं.

दुसरा दिवस क्र्वा-रूसच्या पठारावर सुरू करावा. मेट्रोच्या सी मार्गाने वर जाता येतं. हे रेशीम विणकरांचं, कान्यूंचं पठार. इथल्या घरांची छतं सुमारे चार मीटर उंच आहेत, कारण जाकारचा नक्षी विणणारा माग कमी उंचीच्या खोलीत मावत नसे. मेजों दे कान्यू (विणकरांचं घर) या संग्रहालयात हा माग चालवून दाखवतात. १८०४ च्या या यंत्राचं मर्म पुठ्ठ्याच्या पट्ट्यांत आहे. भोक असेल तिथे सुई आत शिरते, हूक उचलला जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, तेवढा धागा वर येतो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. मग धोटा फिरतो आणि पुढची पट्टी येते. म्हणजे बाण्याच्या, आडव्या, एकेका धाग्याला एकेक पट्टी. नक्षी किती सूक्ष्म त्यावर पट्ट्यांची माळ किती लांब ते ठरतं. खोली लहान आहे, म्हणून इथे तुकड्या हव्यातच. दुसरी तुकडी तोवर एनों स्थानकाजवळचं ‘मूर दे कान्यू’ हे प्रचंड भित्तिचित्र पाहू शकते. १८३१ मध्ये याच विणकरांनी मजुरीच्या दरासाठी उठाव केला होता, हे गाइडकडून जरूर ऐकावं. खाली तेरो चौकात पायऱ्यांनी उतरता येतं, पण त्या खूप आहेत. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी मेट्रोनेच उतरावं.

दुपारी मोंप्लेझीर भागातलं ल्युमिएर संग्रहालय. मेट्रो डी मार्ग, मोंप्लेझीर-ल्युमिएर स्थानक. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचं चित्रण लुई ल्युमिएरने १८९५ मध्ये इथेच केलं आणि पुढच्याच वर्षी, ७ जुलैला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएरांचे खेळ झाले. त्यामुळे मराठी माणसाला ही जागा परकी वाटू नये. सिनेमाइतकाच वेळ रंगीत छायाचित्रांच्या ऑटोक्रोम काचांना द्यावा. नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगात रंगवलेले बटाट्याच्या स्टार्चचे कण काचेवर पसरून त्या बनवत.

पाऊस लागला तर दोन नद्यांच्या संगमावरचं २०१४ मध्ये उघडलेलं कॉन्फ्लुआन्स संग्रहालय आहे. टी-१ ट्राम दारात सोडते आणि दालनं एवढी ऐसपैस आहेत की अख्खा गट एकदम मावतो. गादान्य संग्रहालयात ल्योंच्या गिन्योल या कळसूत्री खेळातल्या बाहुल्या आहेत, मुलांसाठी उत्तम. दुसऱ्या महायुद्धातल्या नाझीविरोधी प्रतिकाराच्या आणि छळछावण्यांच्या इतिहासाचं केंद्र गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांच्या तिथल्या मुख्यालयाच्याच जागी आहे. ते घाईत उरकू नये, नाहीतर वगळावं.

बसवर विसंबणं ही नेहमीची चूक. जुन्या गल्ल्यांत ती शिरत नाही आणि चालकाचे तास युरोपीय नियमांनी बांधलेले असतात. साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांचा खंड, दिवसाला ९ तास चालवणं (आठवड्यातून दोनदा १०) आणि चोवीस तासांत ११ तासांची विश्रांती. विश्रांतीत थोडी सवलत आहे, पण ती रोज नाही. सकाळी सातला निघालेली बस रात्री दहाला हॉटेलात पोचवायची म्हणजे पंधरा तास झाले आणि नियमाने तेराच बसतात. त्यापेक्षा पॅरिसहून वेगवान रेल्वेने दोन तासांत यावं, मेट्रोजवळ राहावं आणि वाहतूक व संग्रहालयं दोन्ही धरणारं ल्यों सिटी कार्ड प्रत्येकाला द्यावं.

स्वच्छतागृहाचं आधीच ठरवा. रस्त्यावरची स्वयंचलित केबिन प्रत्येक वापरानंतर दार लावून स्वतःला धुते. दर माणशी तीन मिनिटं धरली तरी चाळीस जणांना दोन तास. संग्रहालयातून निघण्याआधी सगळ्यांनी उरकून घ्यावं.

जेवणाची वेळ पाळावी लागते. दुपारी बारा ते दोन, त्यानंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद. बूशों नावाच्या पारंपरिक खाणावळी मुख्यतः मांसाहारी. ल्योंच्या सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, केनेल नावाच्या मऊ उकडलेल्या गोळ्यांत बहुधा मासा. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं की मासा चालतो असा समज होऊ शकतो, म्हणून मांस, मासे, अंडी नकोत असं एकेक करून आधी लेखी कळवावं. सुगंधी पानं घातलेलं ताजं चीज आणि साय घालून भाजलेले बटाटे बऱ्याच ठिकाणी मिळतात. कडक शाकाहारींनी चीजबाबत विचारून घ्यावं, कारण ते विरजायला रेनेट, म्हणजे प्राण्यांच्या जठरातून काढलेलं विरजण, वापरण्याची पद्धत आहे. पाणी मागताना जगमधलं नळाचं पाणी मागावं, ते फुकट मिळतं. बाटली मागवली तर चाळीस जणांचं बिल वाढतं.

आपले,
गट-सहली आखणारे काही वाचक