दोन तारा आणि एक वही

बर्कनहेड, इंग्लंड
१५ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप दादा आणि वहिनी यांस साष्टांग नमस्कार.

गौरी-विसर्जनाच्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, त्यामुळे बोलणे अर्धेच राहिले. जे सांगायचे आहे ते तसेही फोनवर सांगण्यासारखे नाही. तुम्हाला अलीकडे फोनवरचे नीट ऐकू येत नाही आणि मी मोठ्याने बोलू लागलो की लेक मला इथल्या शेजाऱ्यांची आठवण करून देते. बोटीवर असताना मी तुम्हाला पंधरवड्याला एक पत्र टाकत असे. ती सवय मोडून पस्तीस वर्षे झाली, तेव्हा अक्षर सांभाळून घ्यावे. या पत्रात तुमच्यासाठी एक जुना प्रश्न आहे आणि दोन कामे आहेत.

३ सप्टेंबरला, मंगळवारी, लिव्हरपूलमध्ये आम्ही तिघे जुने सोबती भेटलो. हा दिवस ब्रिटनमध्ये २००० सालापासून मर्चंट नेव्ही डे म्हणून पाळतात, कारण १९३९ साली याच तारखेला युद्ध जाहीर झाले आणि त्याच दिवशी ‘अथेनिया’ ही प्रवासी बोट पाणबुडीने बुडवली. सरकारी इमारतींवर त्या दिवशी व्यापारी जहाजांचा लाल झेंडा चढतो. भेटण्यासाठी आम्ही ही तारीख मुद्दाम ठरवली असे मात्र नाही. स्विंडनहून येणाऱ्याच्या मुलाला त्याच दिवशी रजा होती, एवढेच.

तिघे म्हणजे कोण, ते सांगतो. एक मी. दुसरा १९७४-७५ च्या त्या लांब फेरीवरचा आमचा रेडिओ ऑफिसर. तो कलकत्त्याचा, आता मँचेस्टरजवळ राहतो. तिसरा आमच्या सलूनचा, म्हणजे अधिकाऱ्यांच्या जेवणघराचा, स्टुअर्ड. तो गोव्यातला, सासष्टीकडचा. त्याच्या मुलांनी पोर्तुगीज पासपोर्ट काढले आणि स्विंडनला घर केले. त्या गावात इतके गोवेकर राहतात की तिथे आता कोकणी ऐकू येणे नवलाचे राहिलेले नाही. स्टुअर्डचे वय ब्याऐंशी. पाय थकले आहेत, पण हाताला कंप नाही. त्याने कपात चहा ओतला तो एक थेंबही बशीत न सांडता. पन्नास वर्षांपूर्वी डोलणाऱ्या बोटीवर तो असाच ओतायचा.

आम्हाला एकमेकांची नावे नीट आठवत नव्हती, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. बोटीवर कोणी कोणाला नावाने हाक मारीत नसे. चीफ इंजिनिअर तो बडा साब, तिसरा तो तीन साब, आणि मी, सर्वांत कनिष्ठ, पाँच साब. रेडिओ ऑफिसरला सारा क्रू मार्कोनी साब म्हणे. डेकवरच्या खलाशांचा मुकादम सारंग, सुकाणू धरणारा सुकाणी, खलाशांचा स्वयंपाकी भंडारी. एखाद्याला झोपेत कोणाची आठवण येते, त्याला कोणत्या बंदरात उलटी झाली, तो घरी किती पैसे पाठवतो, हे सारे आम्हाला ठाऊक असे. ठाऊक नसे ते त्याचे पूर्ण नाव आणि गाव. करार संपला की साइन-ऑफ करायचे, बॅलार्ड इस्टेटमधल्या कचेरीत हिशेब घ्यायचा, व्हीटीला गाडी पकडायची. पुढच्या बोटीवर नवी माणसे, आणि तेच हुद्दे. त्यामुळे निवृत्तीनंतर शोधायचे म्हटले तरी शोधणार कोणाला? ‘तीन साब’ या नावाने पत्र कोणत्या पोस्टमनला पोहोचवता येईल?

रेडिओ ऑफिसरचा फोन नंबर मला कलकत्त्यातल्या तारातळ्याच्या मरीन इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका सोबत्याकडून मिळाला. स्टुअर्डचा पत्ता रेडिओ ऑफिसरकडे होता, आणि तो कसा, हे त्या दिवशी कळले. स्टुअर्डने खिशातून एक वही काढली. काळ्या रेक्झिनची, कोपरे झिजलेले, रबराने बांधलेली. प्रत्येक फेरीच्या शेवटी तो सर्वांकडून पत्ते लिहून घेई, कारण त्याला नाताळची कार्डे पाठवायची असत. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. आम्ही चार-चार वर्षे कॉलेजात काढलेले अधिकारी, पण आमच्यापैकी एकानेही असे काही केले नव्हते. त्याने पाने उलटली आणि माझ्यासमोर धरली. तिथे माझ्याच, तेव्हाच्या गोल अक्षरात आपला पत्ता होता: घर नंबर, मंगळवार पेठ, शोलापूर. खाली कोणा दुसऱ्याने पेन्सिलीने लिहिले होते, ‘समुद्र नाही’. ते अक्षर रेडिओ ऑफिसरचे. मी खारे पाणी पहिल्यांदा सतराव्या वर्षी पाहिले आणि पोहायला विहिरीत शिकलो, यावरून तो मला सारा प्रवास छळत असे. तेव्हा मी त्याला दर वेळी वालचंद हिराचंदांचे नाव सांगून गप्प करायचो, की बाबा, ज्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली आणि ज्या दिवसाचा आपण राष्ट्रीय सागरी दिन केला, ते शेटजी आमच्या सोलापुरात जन्मले. परवा त्याने ‘शोलापूर’ हा शब्द वाचताच स्वतःहून वालचंदांचे नाव घेतले.

स्टुअर्ड म्हणाला, मी तुला अकरा वर्षे कार्ड पाठवले, तू एकदाही उत्तर दिले नाहीस. दादा, मला त्यातले एकही कार्ड पाहिल्याचे आठवत नाही. मी नाताळात नेहमी बोटीवर असे. ती कार्डे घरी आली असणार, आणि तुम्ही किंवा आईने ती कुठेतरी ठेवली असणार. मी त्याला तसे सांगितले. तो ‘असेल’ एवढेच म्हणाला आणि त्याने वही मिटली. मला मात्र तिथे बसवेना, म्हणून मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

आता तो जुना प्रश्न. ती फेरी तुम्हाला आठवते का? १९६७ च्या जूनपासून सुएझ कालवा बंद होता, तो १९७५ च्या जूनमध्ये उघडला. त्यामुळे मुंबईहून इंग्लंडला जायचे तर आफ्रिकेला वळसा घालावा लागे. चार हजार सागरी मैलांहून अधिक फरक, म्हणजे आमच्या पंधरा नॉटच्या बोटीला जवळजवळ बारा दिवस जास्त. त्यातून दक्षिण आफ्रिकेशी आपला व्यापार वर्णद्वेषामुळे १९४६ पासून बंद होता, म्हणून केपटाऊनचे दिवे दिसत असूनही आम्ही तिथे शिरू शकत नव्हतो. (गेल्या वर्षाअखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे पुन्हा त्याच वळशाने जाऊ लागली आहेत. जावई त्याविषयी वर्तमानपत्रात वाचतो आणि मला विचारतो. मी त्याला नकाशावर बोट ठेवून दाखवतो.)

केप ओलांडून आम्ही वर सरकलो आणि जानेवारीच्या मध्यावर, तिकडे तुमच्याकडे गड्ड्याची जत्रा भरली असेल तेव्हा, मुख्य इंजिनाच्या तीन नंबरच्या पिस्टनला तडा गेला. सहा सिलिंडरचे सुल्झर इंजिन, प्रत्येक पिस्टन पाऊण मीटरहून रुंद. भर समुद्रात इंजिन बंद केले, रात्री जहाज ताब्यात नसल्याची खूण म्हणून दोन लाल दिवे एकावर एक चढवले आणि पिस्टन ओढायला घेतला. इंजिनरूममध्ये पंचेचाळीस अंश उष्मा. मी सर्वांत बारीक अंगाचा, म्हणून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पोकळीत, मी. आप्पा मिलमध्ये फिटर होते, आणि मशीनच्या पोटात शिरताना खिशात काही ठेवू नये हे त्यांचे वाक्य मी त्या रात्री दहादा मनात म्हटले. अठरा तास लागले. वर आलो तेव्हा मार्कोनी साब जिन्यात उभा होता. त्याने माझ्या हातात तार ठेवली: आई बरी आहे, येऊ नको, काळजी नको.

मी तार दोनदा वाचली. आई बरी आहे, हे ठीक. पण बरी झाली कशातून? ती आजारी असल्याचे मला कोणी कळवलेच नव्हते. लिव्हरपूलला पोहोचल्यावर मी तुम्हाला पत्रात हेच विचारले होते. तुमचे उत्तर आले त्यात आप्पांचा खोकला, वहिनींच्या भावाचे लग्न आणि तुमच्या घराचे चुन्याचे काम होते. आईचा उल्लेख ‘मजेत आहे’ या दोन शब्दांत. १९९१ मध्ये ती गेली. तिलाही मी कधी विचारले नाही.

परवा रेडिओ ऑफिसरने सांगितले की तारा दोन होत्या. बॉम्बे रेडिओ हे किनाऱ्यावरचे केंद्र ठरलेल्या वेळी, ज्या जहाजांसाठी निरोप आहेत त्यांची यादी मोर्समध्ये ऐकवीत असे. मधले तीन दिवस वातावरण इतके खराब होते की त्याला आमच्या जहाजाचे नाव ऐकू आले नाही. मग ज्या रात्री आम्ही पिस्टन ओढत होतो त्या रात्री आवाज स्वच्छ झाला आणि त्याने दोन्ही तारा एकाच बैठकीत उतरवून घेतल्या. पहिली: आई गंभीर, ताबडतोब ये. दुसरी, तीन दिवसांनंतरची, जी मला मिळाली ती. तो दोन्ही कागद घेऊन कॅप्टनकडे गेला. कॅप्टन म्हणाले, पोरगा क्रँककेसमध्ये आहे, वर आल्यावर दुसरी दे. पहिली माझ्याकडे ठेव. जमीन तिथून कितीतरी दिवसांवर होती. पहिली तार वेळेवर मिळती तरी मी येणार कुठून होतो?

हे सांगताना तो टेबलावरचा चमचा सरळ करीत होता. तार लपवणे हा त्याच्या पेशात मोठा गुन्हा. रेडिओरूमच्या घड्याळावर दर तासाला तीन-तीन मिनिटांच्या दोन लाल पट्ट्या असत. तेवढा वेळ जगातले सारे जहाजी मोर्स थांबवून फक्त संकटाची हाक ऐकायची. त्या शिस्तीत वाढलेला हा माणूस. नंतर उपग्रह आले, १ फेब्रुवारी १९९९ पासून मोर्सची सक्ती संपली आणि त्याचा हुद्दाच जहाजांवरून गेला. तो म्हणाला, चाळीस वर्षांत मी एकच निरोप दाबून ठेवला, तो तुझा. मला क्षणभर राग आला, खोटे कशाला बोलू. पण तो त्याच्यावर होता की तुमच्यावर, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्याने निदान पन्नास वर्षांनी सांगितले. तुम्ही दोन वेळा तारघराच्या खिडकीशी उभे राहिलात, आणि मला एका शब्दाने कळू दिले नाही.

मी चिडून लिहितो आहे असे समजू नका. मला फक्त जाणून घ्यायचे आहे की तिला काय झाले होते, इस्पितळात कोण थांबले होते, आणि त्या तीन दिवसांत तुम्ही माझ्या उत्तराची वाट पाहिलीत का. वहिनींना जास्त आठवत असेल तर त्यांनी सांगावे आणि तुम्ही लिहावे.

चहानंतर आम्ही चालत पिअर हेडला गेलो. तिथे नदीकाठी इंजिनरूममध्ये प्राण गेलेल्यांचे एक ग्रॅनाइटचे स्मारक आहे, १९१६ सालचे. मुळात ते टायटॅनिकच्या इंजिनिअरांसाठी योजले होते. दिवे शेवटपर्यंत चालू ठेवणाऱ्या त्या माणसांपैकी एकही परत आला नाही. दगडात स्टोकरही कोरले आहेत, फक्त साहेब लोक नाहीत, हे स्टुअर्डने लगेच हेरले. सलूनवाल्यांचे कुठे आहे, असे त्याने विचारले. आमच्याकडे उत्तर नव्हते. पलीकडे बर्कनहेडच्या ज्या धक्क्यावर आम्ही तेव्हा सतरा दिवस लागलो होतो, तो लेकीच्या घरापासून पाऊण तासाच्या अंतरावर आहे. ताग, चहा आणि पेंड उतरवायला तेव्हा तेवढे दिवस लागत. आता कंटेनरची बोट एक-दोन दिवसांत निघून जाते आणि पोरांना गाव दिसतही नाही. मी तो धक्का आल्या आल्या पाहून आलो होतो. पाणी आहे, बोट नाही.

आता कामे. माळ्यावर माझी हिरवी लोखंडी ट्रंक आहे, जिच्यावर पांढऱ्या रंगात माझी आद्याक्षरे आहेत. ती चिरंजीवांकडून खाली उतरवून घ्या. तुम्ही स्वतः शिडीवर चढू नका. तिच्यात नाताळची कार्डे सापडली तर त्यांचे फोटो काढून पाठवा, पाकिटांसकट, म्हणजे मी त्याला दाखवू शकेन.

दुसरे काम थोडे दूरचे आहे. स्टुअर्डच्या वहीत आमच्या सारंगाचाही पत्ता आहे: राजिवडा, रत्नागिरी. २००९ पर्यंत त्याच्याकडून ईदच्या शुभेच्छांची उत्तरे येत होती, नंतर थांबली. तो असेल तर नव्वदीच्या पुढे असेल. चिरंजीव कामासाठी कोल्हापूरला जातात असे तुम्ही म्हणाला होता. तिथून आंबा घाटाने रत्नागिरी फार लांब नाही. राजिवड्यात कोणालाही विचारावे, जुन्या जहाज्यांची घरे तिथे सर्वांना ठाऊक असतात. सारंग नसला तर मुलांना भेटावे. आणि तो असला, तर ‘पाँच साब’ने सलाम सांगितला एवढे म्हणावे, माझे नाव सांगून त्याला काही उमगणार नाही.

मी ऑक्टोबरअखेर येतो आहे. नाताळला स्टुअर्डला एक पुडके पाठवायचे आहे. त्या फेरीवर माझ्या डब्यातली शेंगाचटणी त्याने पावाला लावून खाल्ली होती, ती त्याला अजून आठवते. वहिनींनी उखळात कुटलेलीच द्यावी, मिक्सरमधली नको, आणि सोबत कडक भाकरी दहा-बारा. त्या महिनाभर टिकतात हे मी त्याला सांगितले, पण त्याचा विश्वास बसला नाही.

तुमचा धाकटा

ता. क. पहिली तार इंग्रजीत चार शब्दांची होती असे रेडिओ ऑफिसर म्हणतो. पावती तुम्ही कधी टाकून देत नाही. असेल तर तीही पाहावी.