जुने व्हॅक्यूम क्लीनर प्लगला लावण्याआधी

सर्व सभासदांना स्मरण: हाती आलेले यंत्र ‘चालतं का बघू’ म्हणून थेट प्लगला लावू नये. १९३७ च्या इलेक्ट्रोलक्स ट्रिपल एक्ससारखी अमेरिकी यंत्रे तर ११०–१२० व्होल्टची आहेत. आपल्या २३० व्होल्टवर त्यांना व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच.

वायर वाकवल्यावर रबर तडकले तर ती पूर्ण बदला, टेप गुंडाळून भागत नाही. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणारे मीटर) मोटरचे वाइंडिंग (तारेची वेटोळी) आणि बॉडीमधला रोध मोजा. १ मेगाओहमच्या खाली आला तर मोटर सुकवून पुन्हा मोजा. पहिली सुरुवात डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करणारे उपकरण), पाव व्होल्टेजपासून.

सर्वांत जास्त नुकसान कम्युटेटरवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरील तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल कड्यावर, होते. एमरी पेपर अजिबात वापरू नका: त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचांत अडकतात आणि ब्रशही (कम्युटेटरला टेकून वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) खातात. बारीक काचकागद घ्या आणि खाचांतली कार्बनची काजळी लाकडी टूथपिकने काढा. नवे कार्बन ब्रश काचकागदाची खरखरीत बाजू वर ठेवून कम्युटेटरच्या गोलाईला घासून बसवा, नंतर अर्ध्या व्होल्टेजवर अर्धा तास चालवा. ठिणग्या पूर्ण कम्युटेटरभर फिरत असतील तर दोष बहुधा आर्मेचरचा (मोटरच्या फिरत्या भागाचा). ब्रश बदलून पैसे वाया घालवू नका.

पंखा काढून मोटर चालवू नये, भार नसल्याने वेग बेफाम वाढतो. बेअरिंगमध्ये गंज सोडवणारा स्प्रे नको, उरलेले ग्रीस धुऊन जाते. ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा लावाल तर धातूच खाल्ला जाईल.

जुनी धूळपिशवी मास्क लावून, गच्चीवरच उघडावी.